काळी बॅग दिसली की

चाकणच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघणारा मी एकटाच. कुणी नोकरी सोडली, किंवा कंपनीनेच त्याला सोडलं, की त्याचा लॅपटॉप माझ्याकडे येतो. मी त्यातलं सगळं पुसतो आणि फॅक्टरीतून आला तेव्हा होता तसा करून कपाटात ठेवतो. फायली जातात, पण माणसांचे किस्से कुठे जाणार? सहा वर्षांत इतके साठलेत, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तशी मला एरवीही चैन पडत नाही म्हणा. त्याला कारण आहे.

माणूस काढायचा ठरला की मला मेल आदल्या दिवशी येतो, आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी चार वाजता केबिनमध्ये बोलावून सांगतात. मधल्या वेळात तो माझ्याबरोबर चहा पितो, पोराच्या ॲडमिशनचं सांगतो आणि मी मान हलवत बसतो! मेलमध्ये नाव नसतं, लॅपटॉपवरच्या स्टिकरचा नंबर असतो. पण सहा वर्षांत सगळे नंबर पाठ झालेत राव, करू काय? बरं, सांगायची सक्त मनाई. सांगितलं तर माझीच नोकरी जाणार.

एचआरचा साळुंके माझा जिगरी दोस्त. दोघंही मोशीला एकाच सोसायटीत राहतो आणि त्याच्याच बाइकवरून कामाला जातो. काढलेल्यांची पत्रं तो टाइप करतो, लॅपटॉप मी पुसतो. त्यामुळे कँटीनमध्ये आमच्या टेबलावर तिसरं कुणी बसत नाही.

* * *

लॅपटॉप आणायला माझ्याकडे एक काळी बॅग आहे. एकदा क्वालिटीतल्या शिंदेचा कीबोर्ड बिघडला, म्हणून नवा त्या बॅगेत टाकून निघालो. शिंदेने मला लांबूनच पाहिलं आणि ताडकन उठला. मी पोहोचेपर्यंत तो त्याच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये. दार उघडंच होतं.

साहेबांना मापातलं काही कळत नाही, स्वतःचं काम ते दुसऱ्याच्या गळ्यात मारतात, असं सगळं त्याने धडाधड ऐकवलं. वर म्हणाला, तुमच्या जोकना आम्ही हसतो ते भीतीपोटी. अख्खा फ्लोअर गार पडला. मग शिंदे ऐटीत परत आला आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "घे. घेऊन जा."

मी म्हटलं, "अरे, कीबोर्ड आणलाय तुझा."

शिंदे अजून तिथेच आहे. साहेबांनी जोक करायचे मात्र सोडले.

* * *

या प्रकारानंतर सगळ्यांनीच धसका घेतला. परचेसच्या जोशी मॅडम तर रोज साडेतीनला आपल्या सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर कॉपी करायला लागल्या, कारण बोलावणं येतं ते चारला. सव्वाचार झाले की पेन ड्राइव्ह रिकामा करायच्या आणि घरी जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पेन ड्राइव्ह लहान पडतो म्हणून कुरकुरत होत्या, तेव्हा मी आपला कपाटातला एक मोठा नेऊन दिला. चांगुलपणा अंगाशी आला. दोन दिवस मॅडम कामावरच आल्या नाहीत. मिस्टरांचा फोन आला, "खरं काय ते सांगून टाका, घरात कुणी जेवलेलं नाही."

* * *

स्टोअरचे तापकीर नाना इथल्याच गावातले, जुने. त्यांना काढलं तेव्हा लॅपटॉप पुसून होईपर्यंत हलायला तयार नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि विचारलं, "ह्ये आता काय करतंय?"

मी म्हटलं, नाना, हा मूळचा होता तसा होतोय. मधलं सगळं जातं.

नानांनी खिडकीतून आमच्या शेडकडे बोट केलं. "मूळची हितं आमची ज्वारी व्हती. ती येती का बघ."

मी हसलो. नाना हसत नव्हते. मग दोघंही स्क्रीनवरचा टक्का वाढताना बघत बसलो, शंभर होईपर्यंत.

* * *

घरी माझी ही तऱ्हा. जेवताना फोन वाजला की भाकरी ताटात आणि हात फोनवर. बायको विचारते, "कुणाचा नंबर लागला?" मी बघतो तर मोशीतल्या कुठल्यातरी प्लॉटची जाहिरात. बायको म्हणते, तुम्ही दुसऱ्यांची काळजी करता करता एक दिवस आजारी पडाल.

* * *

आणि गेल्या महिन्यातला हा किस्सा. यादी नेहमी साळुंके पाठवतो. त्या गुरुवारी संध्याकाळी ती थेट हेड ऑफिसातून आली. एकच नंबर होता. साळुंकेचा.

त्याला तळेगावच्या एका कंपनीने बोलावलं होतं आणि शुक्रवारी बारापर्यंत होय-नाही कळवायचं होतं. बुधवारीच तो मला म्हणाला होता, "नाहीच कळवतो यार. आपली कंपनी बरी. जाता-येता सोबत तरी आहे."

शुक्रवारी सकाळी नेहमीसारखा त्याच्या मागे बसलो. सांगावं तर माझी नोकरी, गप्प बसावं तर याच्या हातची दुसरी जाणार. साळुंकेही गप्पच होता. एरवी सोसायटीचं गेट सोडायच्या आत याचं तोंड सुरू होतं. इंद्रायणीचा पूल गेला, कुरुळी गेली, आळंदी फाट्याला नेहमीचं ट्रॅफिक लागलं. कंटेनरच्या मागे अडकून पडलो. घड्याळात साडेआठ.

शेवटी मी त्याच्या हेल्मेटपाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "तुझा लॅपटॉप हळू चालतोय ना? आज जेवायच्या आधी त्यातले पोरीचे फोटो काढून घे."

त्याने बाइक बाजूला घेतली, पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे. हेल्मेट काढलं. माझ्याकडे एकदा बघितलं. खिशातून फोन काढून त्याने नंबर लावला.

"नमस्कार साहेब, साळुंके बोलतोय. येतो मी तुमच्याकडे." मग जरा थांबून, "साहेब, अजून एक. कॉम्प्युटरचं काम बघायला तुमच्याकडे माणूस लागतो का?"

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कुणासाठी विचारलंस रे?"

त्याने हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि बाइक सुरू केली.

"बस मागे," म्हणाला. "आणि तुझेही फोटो काढून घे."