मी खोडलेलं रीडिंग

मागच्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी, आमच्या वाळूजच्या घरात, मी बायकोच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवून बसलो होतो. आकडा आला १०१.२... आणि मी तो खोडला.

आधी थोडं सांगतो. सुनंदाला, म्हणजे बायकोला, लिम्फोमा आहे, एक प्रकारचा गाठींचा कॅन्सर. दर तीन आठवड्यांनी केमो लागते आणि सोबत अँटिबॉडीचं सलाइन.

मी कंपनीत क्वालिटीला आहे, बावीस वर्षं झाली. त्यामुळे डॉक्टर मॅडमनी अँटिबॉडी समजावली ती मला लगेच पटली. खराब पार्टला आम्ही लाल टॅग लावतो ना, तशी ही जाऊन कॅन्सरच्या पेशीला चिकटते. मग शरीरातल्या पांढऱ्या पेशी ती खूण बघून तो माल उचलतात आणि संपवतात. बाहेरून जंतू शिरले तर असे टॅग शरीर स्वतःच तयार करतं.

पण केमोनंतर काही दिवस या पांढऱ्या पेशीच कमी पडतात. टॅग लागला तरी उचलायला माणूस नाही! मॅडम म्हणाल्या होत्या, या दिवसांत इन्फेक्शन झालं तर सूज नाही, पू नाही, काहीच दिसणार नाही... कारण ते सगळं ज्या पेशींमुळे दिसतं त्याच नसतात. दिसला तर फक्त ताप दिसेल. फाइलवर त्यांनी लाल पेनानं लिहून दिलं होतं, ‘१००.४ च्या वर एकदा जरी गेला तरी लगेच या.’

आता मी पडलो क्वालिटीवाला. फ्रिजवर तक्ता चिकटवला, दिवसातून तीन वेळा ताप, प्रत्येक वेळी तीन रीडिंग आणि त्यांची सरासरी. सुनंदा हसायची. म्हणायची, “माझ्यावर पास झाल्याचा शिक्का तेवढा मारू नका.”

त्यात रविवारी फुलंब्रीहून सात पाहुणे जीप करून भेटायला आले. एक जण खोकत होता. आजारी माणसाला भेटायला येऊ नका, हे आपल्याकडं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी चहा केला आणि सगळ्यांना कप दिले. ताप त्यातूनच आला की कसं, देव जाणे.

मंगळवार केमोनंतरचा दहावा दिवस. पहिलं रीडिंग १०१.२. मी म्हटलं, हिनं आत्ताच चहा घेतलाय, म्हणून जास्त दाखवतंय... खोडलं. तिला तहान लागली होती, माठातलं दोन ग्लास पाणी दिलं. पुढची दोन आली १००.१ आणि ९९.९. सरासरी बरोबर शंभर.

“बसतंय लिमिटमध्ये,” मी म्हणालो. सुनंदा चादर गळ्यापर्यंत ओढून भिंतीकडं तोंड करून झोपली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तेवढ्यात शेजारच्या शबाना आपा आल्या. त्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, आता रिटायर आहेत. त्यांच्या नातवाला सर्दी झाली होती, म्हणून पदर नाकाला लावून दारातच उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, “भाऊ, ताप किती हाय?”

मी कौतुकानं तक्ता काढून दाखवला. त्यांनी तो दारातच चष्म्याजवळ धरला. “ह्ये खोडलंय ते काय?” मी चहाचं सांगितलं.

“चहा कधी पिली?”

सुनंदा भिंतीकडूनच म्हणाली, “अर्धा तास झाला.”

“आन् पाणी?”

“पहिल्या रीडिंगनंतर,” मी म्हणालो.

“थंड पाण्यानं तोंड गार झालं, तुम्ही त्याची सरासरी काढली. ही काय मशीन हाय व्हय? फाइल घ्या अन् निघा. मी ह्यांना रिक्षा काढायला सांगते.”

आपांचे मिस्टर रफिकभाई रिक्षा चालवतात. आम्ही निघालो आणि नेमकी पहिली शिफ्ट सुटली. कंपन्यांच्या बसेस, बाइकी, सगळा रस्ता तुंबलेला. सुनंदाला हुडहुडी भरली, दातावर दात वाजत होते. रफिकभाई हॉर्नवरचा हात काढत नव्हते आणि मी तिचा हात धरून फक्त घड्याळ बघत होतो. इतका घाबरलेला मी आयुष्यात कधी नव्हतो.

दवाखान्यात ताप १०२.६. बीपी उतरायला लागलं होतं. रिपोर्टची वाट न बघता मॅडमनी अँटिबायोटिक चालू केलं. रिपोर्ट आला तेव्हा पांढऱ्या पेशी नावाला उरल्या होत्या.

मॅडमनी एवढंच विचारलं, “पहिल्यांदा ताप कधी दिसला?” मी खरी वेळ सांगितली. खाली बघून सांगितली.

सहा दिवस वॉर्डात काढले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी पेशी वाढायला लागल्या. पुढचं सलाइन एक आठवडा लांबलं... बस, एवढंच.

आकडा खोडण्याचं खरं कारण सांगू? चहाचं निमित्त होतं. ॲडमिट केलं तर पुढचं सलाइन लांबेल, आजार पुन्हा डोकं वर काढेल, ही माझी भीती होती. बावीस वर्षांत एकही खराब पार्ट मी पुढं जाऊ दिला नाही, आणि घरात मात्र मला जो आकडा नको होता तो खोडून टाकला.

घरी आल्यावर कंपनीतला एक लाल टॅग भरून त्या तक्त्याला लावला. दोष : खरं रीडिंग खोडलं. तपासलं : शबाना आपा. आपा, तुमचे उपकार मी कसे फेडू ते मला खरंच कळत नाही.

फ्रिजवर आता नवा तक्ता आहे. ताप अजून मीच बघतो... पण पेन सुनंदाकडं असतं.