चाकणच्या बाजारातला तिसरा बैल

माझे वडील चाकणच्या गुरांच्या बाजारात आण्या-दोन आण्याला बैलांची शिंगं काचेने साळून, म्हणजे तासून गुळगुळीत करून द्यायचे. बाजार नसला की चूल पेटेलच याची खात्री नसे. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. फौजदार झालो, आणि पन्नासच्या दशकात त्याच भागात नेमणूक झाली. तिथली एक केस अजून मनातून जात नाही.

पिंपरीला तेव्हा एका कारखान्याचं बांधकाम चालू होतं. तिथं विटांच्या गाडीला जुंपलेला बैल एका शेतकऱ्याने ओळखला आणि थेट ठाण्यात येऊन खबर दिली. बैल त्याच्या गोठ्यातून चोरीला गेलेला होता.

गाडीवान रडकुंडीला आला. "साहेब, भर बाजारात बोली लावून घेतलाय. बाबांच्या दावणीचा. वीस रुपये जादा मोजले ते त्यांच्या नावाचे!"

बाबा म्हणजे चाकणजवळचे एक म्हातारे शेतकरी. दुसऱ्याच्या बैलाची बोली जिथं अडायची, तिथून बाबांच्या बैलाची सुरू व्हायची. दर खेपेला दोनच बैल आणायचे. त्या बाजारी तीन होते.

दुपारी त्यांना ठाण्यात आणलं.

"बैल कुणाचा?"

"माझाच हाय."

"आणला कुठून?"

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. जमादार म्हणाले, "साहेब, भर नांगरात बैल बसावा तसे बसलेत. आता उठायचे न्हाईत." कुणी हसलं नाही. बाबांनी पाण्याला हात लावला नव्हता. चोवीस तासांच्या आत त्यांना चोर म्हणून कोर्टापुढे उभं करायचं होतं. बैल आपलाच म्हणून विकल्याची कबुली हातात होती, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सकाळी पुन्हा बैल पाहिला. शिंगांवरून हात फिरवला. ताजी साळलेली, वर तेल चोपडलेलं. साळलं की म्हातारा बैलही तरणा दिसतो. बाबांना तो प्रकार खपत नसे. माझे वडील त्यांच्या दावणीकडे फिरकतही नसत, तिथं काम मिळणार नाही हे ठाऊक असे.

कोठडीशी जाऊन विचारलं, "बाबा, याची शिंगं कुणी साळली?"

म्हाताऱ्याने कोठडीचे गज धरले. "जावयानं. त्याच्या नावावर कुणी बोली लावीना. म्हनला, तुमच्या दावणीला बांधू द्या. मी व्हय म्हनलो. चोरीचा हाय ह्ये ठावं न्हवतं, साहेब."

"मग काल का नाही बोललात?"

"लेकीचं कुकू हाय त्यो. आन् चारचौघांत माझा म्हनून इकला. आता कोन्त्या तोंडानं न्हाई म्हनू?"

दुपारच्या आत जावई सापडला. त्याच्याकडे चोरीची आणखी दोन गुरं निघाली, आणि बाबांना सोडून दिलं.

गाडीवानाचे पैसे परत करायला बाबांनी पुढच्या बाजारी घरचा बैल आणला. बोलीआधी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, "मागल्या खेपेला मी खोटं बोललो." बोली शेजारच्या दावणीपेक्षाही खाली थांबली. बाबांनी त्या भावात बैल दिला.

नावाजलेल्या माणसाची कबुलीसुद्धा तपासून घ्यावी, एवढं मी त्या केसमध्ये शिकलो.

चोरीचा बैल मालकाच्या गोठ्यात गेला. गाडीवानाला पैसे मिळाले. जावयाला शिक्षा झाली. बाबा कोर्टात साक्षीदार म्हणून उभे राहिले.