नाकातला गुलाल

ये गं, अशी जवळ सरक, कागदावर का होईना. तुला रागवायचं आहे मला. फोनवर "आत्ती, मामा बरे आहेत ना?" एवढं विचारतेस आणि मी "बरे आहेत की" म्हणते न म्हणते तोवर ठेवून देतेस. असल्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर असतं होय? तुझे मामा ऑपरेशनला तयार कसे झाले हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, तुला तेवढं नाही. सख्ख्या भावाची लेक तू, आणि वागतेस पावण्यासारखी. आता फोन उलटा ठेव आणि सगळं नीट वाच.

तुझ्या मामांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, छातीतल्या नळ्या चोंदल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, छाती उघडावी लागेल, उशीर करू नका. ते ऐकलं आणि हा माणूस बदलला. साखर कारखान्यात वजनकाट्यावर जन्म गेला त्यांचा. काट्यावर दिसेल तेवढं खरं, बाकी कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही, हा स्वभाव. देवाला नमस्कारसुद्धा मी कोपर मारल्यावर. आणि आता तेच मांजर आडवं गेलं म्हणून अर्ध्या वाटेतनं परतायला लागले. पहिल्यांदा भरती व्हायला निघालो तर त्या दिवशी अमावास्या निघाली. दुसऱ्यांदा उंबऱ्यावर चपलेचा अंगठा तुटला. "आज नको," म्हणून आत जाऊन बसले. मला कळत होतं, ही भीती आहे. पण भ्यालोय म्हणायला जीभ वळेना, म्हणून अमावास्या आणि चप्पल पुढं करायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता परत टाळलंत तर पुढचं मी काही सांगू शकत नाही. मी झोपेत त्यांचा श्वास ऐकत पडायचे. दुसरं करणार काय?

मग ठरवलं, आधी ह्यांना जोतिबाच्या पायावर घालायचं आणि डोंगरावरनं थेट दवाखान्यात. रविवार होता, देवाचा वार. संध्याकाळच्या आत भरती व्हायचं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. कपड्यांची पिशवी डिकीत टाकली आणि निघालो. गाडी आमच्या विजयची. ती गाडी तू पाहिलेली नाहीस, पण ऐकली असशील. सायलेन्सर असला बसवलाय की गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात. शिरोलीच्या फौंड्रीत नोकरी करायची आणि पगार गाडीला घालायचा, हे ह्याचं. टायर रुंद, गाडी खाली बसवलेली, पुढं निळे दिवे. इंजिनात हवा जाते तिथं कंपनीनं एक बंद डबा दिलेला असतो म्हणे. तो काढून ह्यानं उघडा फिल्टर बसवला, तेल लावलेल्या कापडाचा, शंकूसारखा, आणि त्याच्यापुढं आपल्या हातानं कापलेला पत्रा लावला. "आई, आता इंजिन मोकळा श्वास घेतं बघ," म्हणायचा. "आधी तुझ्या बापाला घेऊ दे," मी म्हणायचे.

डोंगरावर पोचल्यावर गाडीची पूजा करणं आलंच. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. शेजारच्या जीपवाल्यानं आवाजाचं कौतुक केलं होतं, त्यामुळं विजयला इंजिन बंद करवेना. मीच म्हटलं, "बोनेट उघड. वरच्या पत्र्याला गुलाल लावून काय उपयोग? राबतं ते आत." आणि चांगभलं म्हणून ओंजळभर गुलाल-खोबरं चालू इंजिनावर उधळलं. इंजिन घुर्रर्र करत राहिलं. मला वाटलं, देवाचा प्रसाद लागला, खूश झालं. आत गेलो, दवणा वाहिला. गाभाऱ्यापुढं उभी राहिले तेव्हा मागायचं ते एवढंच सुचलं, की देवा, ह्यांना तूच काहीतरी खूण दाव. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत, तुझं तरी ऐकतील.

बाहेर आलो आणि गाडी चालू होईना.

चावी फिरवली की इंजिन फिरायचं, म्हाताऱ्यासारखं खोकायचं आणि गप्प व्हायचं. विजय आधी हसत होता. बॅटरी बघितली, दिवे लख्ख लागत होते. मागच्या सीटला कान लावून पेट्रोलचा पंप ऐकला, तो बोलत होता. मग आपणच जोडलेल्या वायरींवर संशय घेतला. निळे दिवे सोडवले, मोठा हॉर्न सोडवला, फ्यूज एकेक काढून उन्हात धरून बघितले. प्रत्येक वेळी चावी, खोकला आणि गप्प. त्याचा घाम बघून मी म्हटलं, "त्यो फिल्टर का काय ते बघ की." तर म्हणाला, "आई, परवाच धुतलाय, त्याला काय धाड भरलीय?" आणि पत्र्याच्या मागं डोकावलासुद्धा नाही.

तोवर तुझे मामा देवळाच्या वाटेवरच्या कट्ट्यावर जाऊन बसले होते. जीपवाला भला माणूस, म्हणाला, "पावणं, चला, मी सोडतो कोल्हापुरात. गाडीचं मागनं बघतील."

"तुमची जीप चांगली हाय," हे म्हणाले, "पण मी न्हाय येत. देवाच्या दारात गाडी बंद पडली. कुणी थांबवली ते कळंना व्हय तुमाला?"

"आप्पा, वायरिंगचा प्रॉब्लेम हाय," विजय ओरडला.

"तुझ्या वायरिंगला बी देवच हाय."

हे बोलताना त्यांच्या तोंडावर जी सुटका दिसली ना, ती मी बघितली. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. आत काहीतरी थंड पडल्यासारखं झालं. खूण मागितली होती, मिळाली. पिशवी डिकीतच होती. ती घेऊन घरी जायचं, परत कपाटात लावायची, आणि मग श्वास ऐकत पडायचं. मी शिखराकडं पाठ करून उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

विजय शेवटचं बघतो म्हणून आत बसला. त्यानं चावीला हात घातला आणि नेमकी माझ्या कानाशी शिंक वाजली. साधी नव्हे, फटाका. मागं एक आडव्या बांध्याची बाई उभी, गडहिंग्लजकडची असावी, केसांपासनं पायापर्यंत गुलाबी. निघताना शिंक म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आपल्यात साधं बाजारला निघालं तरी परत टेकून पाणी पितात. मामा कट्ट्यावरनं म्हणाले, "झालं. आता तरी पटलं?"

माझा सगळा थंडपणा त्या बाईवर निघाला. "काय बाई, आत्ताच शिंकायचं हुतं व्हय तुला?"

ती काय ऐकून घेतीय! "मी काय मुद्दाम शिंकले व्हय अक्का? सकाळधरनं पालखीसंगं हाय. नाकात गुलाल जाऊन बसलाय, श्वास घ्याय येईना. जीव घुसमटला नुसता. शिंकले तवा कुठं मोकळं वाटलं."

विजयचा हात चावीवरच राहिला. मग दार उघडून तो असा उतरला की मला वाटलं गाडी पेटली.

"आई, नाक!"

"कुणाचं नाक रं?"

"गाडीचं! गाडीच्या नाकात गुलाल!"

पत्रा उचकटला, फिल्टर बाहेर काढला. काय सांगू तुला, तेल लावलेल्या त्या कापडावर गुलालाचा थर असा बसला होता, जणू भाकरीला लोणी लावावं. मी उधळलेला सगळा गुलाल चालू इंजिननं त्या शंकूत ओढून घेतला होता. आत हवा मोजणारी एक बारीक तार असते म्हणे, तीसुद्धा गुलाबी. विजयनं ती हलक्या हातानं साफ केली, फिल्टर बाजूला ठेवला आणि चावी फिरवली. दोनदा खोकली आणि अशी गरजली की कट्ट्यावरची माणसं दचकून उठली. ती बाई ओरडली, "चांगभलं!"

मामा उठून आले. तो फिल्टर त्यांनी हातात घेतला, वजन करावं तसा वरखाली केला. मग त्या बाईला विचारलं, अगदी खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, "म्हंजे शिंक चांगली म्हणायची का वाईट?"

"शिंक ही शिंकच पावणं," ती म्हणाली. "आत अडकलेलं भाईर पडतं. आणि काय?"

आणि गेली की चालत गर्दीत. नाव विचारायचं राहिलं, पाणीसुद्धा विचारलं नाही मी तिला.

मामा गाडीत बसले. मी बसा म्हटलं नाही, विजय म्हणाला नाही. आपले आपण बसले. फिल्टर मांडीवर होता, बोटं गुलाबी झालेली. घाट उतरताना, विजय हळूहळू चालवत होता तेव्हा, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला भ्या वाटतंय." लग्न झाल्यापासनं हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी म्हटलं, "मला बी." तेवढंच. दवाखान्यात त्यांनी आपल्या हातानं सही केली, आणि नर्सनं बोटं का रंगलीत विचारलं तर म्हणाले, गाडीचं ऑपरेशन करून आलोय, आता माझं करा.

ऑपरेशन नीट झालं. टाके भरले. विजयनं तो बंद डबा परत बसवला, आवाज मात्र तसाच ठेवलाय. ह्याला चमत्कार म्हणायचं का, ते मला विचारू नकोस. गुलाल मी टाकला, गाडी गुलालानं बंद पडली, बाई गुलालानं शिंकली. ह्यात देव कुठं आला, असं विजय म्हणतो, आणि मी वाद घालत नाही. पण कधी कधी भाकरी थापताना मनात येतं, आपण खूण मागतो आणि तिचा अर्थही आपणच लावून मोकळे होतो. बंद गाडीचा अर्थ ह्यांनी लावला, मी लावला, दोघांचाही चुकला. खूण अजून पुरी यायची होती. मागितल्यावर पुढचं त्याच्यावर सोडून जरा गप्प उभं राहावं, एवढं मला त्या दिवसापासनं कळलं. शिखराकडं पाठ केली होती मी, तरी शिंक पाठीमागनंच आली बघ. त्या बाईसाठी आता रोज दिवा लावताना हात जोडते. नाव ठाऊक नाही, त्यानं काही अडत नाही.

तर आता ये लवकर. रविवार धरून ये. मामा फिरायला जातात, भाकरी मागून खातात, आणि तुला डोंगरावर न्यायचं म्हणून विजयच्या मागं लागलेत. आणि हे बघ, निघताना शिंक आली तर टेकू नकोस. नाक पुस आणि ये.