नसलेल्या सुताराचं कमिशन

मंडळी, माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमचे हे उद्या घरी येतायत. पलंग चार इंच उंच करा, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून सकाळी रिक्षा करून नोएडातल्या एका लाकडाच्या वखारीत गेले आणि पलंगाच्या पायांखाली ठेवायला चार ठोकळे कापून मागितले.

मालक म्हणाला, आठशे रुपये. मी विचारलं, एवढे कशाचे?

"आप रहने दीजिए आंटीजी, मिस्त्री समझता है," असं म्हणत त्याने माझ्या रिक्षावाल्यालाच बाजूला नेलं. तो बिचारा ठोकळे उचलायला आत आला होता.

मी पैसे दिले. रिक्षात बसताच रिक्षावाल्याने दोनशे रुपये माझ्या हातावर ठेवले. "माताजी, ये आपके हैं. मुझे आपका मिस्त्री समझकर कमीशन पकड़ा दिया."

मी रिक्षा परत फिरवली. मालक निर्लज्जपणे म्हणतो, "रेट में मिस्त्री का जुड़ा ही रहता है जी."

"तो बाहर बोर्ड पर लिखिए ना!" मी भर गिऱ्हाइकांत सुनावलं. एकजण हसला, बाकीचे आपापली बिलं बघू लागले.

ठोकळे पलंगाखाली नीट बसलेत. मला मात्र आमचा जुना सुतार आठवतोय. कपाट असो की दार, तो दर वेळी आग्रहाने म्हणायचा, "मैडम, आप धूप में मत आइए, लकड़ी मैं ले आता हूँ." केवढा भला माणूस, म्हणून वर मी त्याला आलं घातलेला चहा पाजायचे.

तुम्हीही पाजत होतात ना?