मागच्या दारानं गेलेली अंबाडी

परभणीत आमच्या घराच्या मागच्या गल्लीत एक खानावळ होती. पाटीवर 'शुद्ध शाकाहारी', आत तीन-चार बाकडी, अन् चुलीपुढं एक विधवा मावशी. भाकरी गरम मिळायची, पण वरण पातळ, अन् वांग्याच्या रश्श्यात वांगं शोधावं लागायचं. माझे वडील, आबा, वालूरकडून बाजाराला आले की तिथंच जेवायचे. लेकीचं घर हाकेच्या अंतरावर, अन् बाप बाकड्यावर!

आमच्यात रीतच तशी. लेक दिली की तिच्या घरचं अन्न बापानं खायचं नाही, नातवंडाचं तोंड बघेपर्यंत. थोरल्या बहिणीला वर्षाच्या आत पोरगा झाला, आबा तिच्याकडं पुरणपोळी हाणून आले. माझी कूस काही उजवली नाही. पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यानं आबा पाय धुवायचे, प्यायचे नाहीत. सासूला तर आयतंच सापडलं. जन्मदाता बापसुद्धा हिच्या हातचं खात नाही, म्हणायची. मी भांडी जरा आपटून घासायची, एवढंच.

मग मीच त्यांच्याबरोबर खानावळीत जायला लागले. बाप तिकडं एकटा जेवायलाय अन् लेक घरी ताट घेऊन बसलीय, हे काही माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. शेजारी बसून आम्ही ते पातळ वरण भुरकायचो. आबा पाण्याचं, पिकाचं, भावकीच्या भांडणाचं सांगायचे. एकदा म्हैस व्याली म्हणून सांगितलं अन् एकदम रश्श्यात वांगं शोधायला लागले. मलाच मग काहीतरी दुसरं विचारावं लागलं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत एकदा आबा आले अन् शहर बंद झालं. एस.टी. बंद, खानावळीलाही कुलूप. आबा दिवसभर आमच्या ओट्यावर बसून पिशवीतले फुटाणे चावत राहिले. आत मी पिठलं टाकलं होतं, वास बाहेर जातच होता. मी उंबऱ्यात उभी राहून लय भांडले. असली कसली रीत, म्हातारं माणूस उपाशी ठेवणारी? आबा फुटाणे खात म्हणाले, होईल सगळं, देवाच्या घरी उशीर हाय, अंधार न्हाई. मला वाटलं, ते फुटाणे हिसकून रस्त्यावर फेकावे.

त्याच दिवशी माझ्या डोक्यात आलं. आबांना अंबाडीची भाजी जीव की प्राण. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाचं कडकडीत तेल. आई गेल्यापासून तशी कुणी केली नव्हती. पुढच्या बाजाराला मी ती केली, डबा पदराखाली घेतला अन् मागच्या दारानं मावशीकडं गेले. ती आधी नको म्हणाली, म्हाताऱ्याचा नेम मोडल्याचं पाप लागेल. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, लागू दे, आण इकडं.

आबांनी पहिला घास घेतला अन् हात थांबला. त्यांनी मावशीकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, अन् आणखी भाजी मागितली. उठताना म्हणाले, मावशीचा हात आताशा सुधारला.

तेव्हापासून तसंच चाललं. मधल्या वर्षांत डॉक्टर झाले, नवस झाले, दर्ग्यावर चादर चढवून झाली. घरातल्यांनी आशा सोडली. आमचे मालक तर त्यावर बोलेनासेच झाले. आबा मात्र येत राहिले, ओट्यावर पाय धुवून मागच्या गल्लीत जात राहिले.

मग आबांना पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरसाठी परभणीला आणलं, बाहेरच्या खोलीत खाट टाकली. गल्लीपर्यंतही चालवेना. तरी म्हणाले, माझं ताट खानावळीतून आणा. आणलं की! मी चुलीवर शिजवायची, मागच्या दारानं मावशीकडं द्यायची, अन् मावशी गल्लीला वळसा घालून तेच पुढच्या दारानं आणायची. सासूसुद्धा मावशीला पुढचं दार उघडून द्यायची.

एका दुपारी मावशी अशीच अंबाडीचं भगुणं घेऊन आत आली. आबांनी तिला हातानं थांबवलं अन् माझ्याकडं बघितलं.

"मागच्या दारानं गेलेलं पुढच्या दारानं येऊस्तर गार व्हायलंय, बाई. आता सरळ तूच वाढ."

मावशीनं भगुणं माझ्या हातात दिलं अन् डोळ्याला पदर लावून निघून गेली. मी भाजी गरम केली, आबांना घास भरवले. तीन-चार घासच गेले. मग त्यांनी पाणी मागितलं अन् माझ्या तांब्यातलं पाणी प्याले. मला हसू आवरेना, रडूही आवरेना. इतक्या वर्षांनी बाप माझ्या घरात जेवला होता.

भगुणं घासायला बसले तेव्हा कुठं उमगलं. नातवंड होईपर्यंत खायचं नाही, म्हणजे ते होणार, असं आबा धरून चालले होते. तसं धरून चाललेलं माझ्या जगात ते एकटंच माणूस उरलं होतं. भांडं तसंच हातात राहिलं, अन् मला वाटलं, आबांनी आज उपाशी राहायला पाहिजे होतं.