बोट ठेवलेली जागा

बाबांच्या मोबाईलमध्ये मी बनवलेलं एकच अ‍ॅप आहे. संत्र्याच्या गाड्यांना बगीच्यापर्यंत पोचवणारं. बाबांचा ना बगीचा, ना गाडी. ते शाळेत गणित शिकवायचे. तरी सकाळचा चहा झाला की चष्मा लावून ते अ‍ॅप उघडतात आणि दोन बोटांनी नकाशा मोठा करतात. त्यात आई आहे म्हणून.

मी नागपूरच्या एका लहान कंपनीचं काम पांढुर्ण्याला घरी बसून करते. माणसांशी बोलावं लागू नये म्हणून मी असं काम धरलं, असं नातेवाईक म्हणतात. ते अगदीच चूक नाही. अ‍ॅपमधला नकाशा आमचा नव्हता. एका मोठ्या कंपनीकडून तो अटींवर घेतलेला होता. म्हणजे खिडकी आमची आणि खिडकीतून दिसणारं सगळं त्यांचं. डांबरी रस्ता संपला की हा नकाशाही संपायचा. पुढच्या पांदणी, शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटा, त्याला माहीत नव्हत्या. मग बाहेरगावचे ड्रायव्हर भलत्याच पांदणीत शिरायचे आणि तिथं गाडी वळवायला जागा नसायची.

आई सरकारी नर्स होती. तिगावपासून पार लोधीखेड्यापर्यंत तिच्या बदल्या झाल्या. बगीच्यात राहणाऱ्या रखवालदारांच्या घरची बाळंतपणं, पोरांच्या लसी, यासाठी ती या पांदणींनी चालली होती. मी या अ‍ॅपवर काम करत होते तेव्हा तिचे किमोचे दिवस होते. ती पलंगावर पडलेली असायची, मी पायथ्याशी लॅपटॉप घेऊन.

"काय करून राहिली तू?" तिनं एकदा विचारलं. "सकाळपासून हिरवं हिरवं पाहून राहिली नुसती."

"रस्ते शोधतेय. उपग्रहाचं चित्र आहे हे, वरून काढलेलं."

"आण इकडं." तिनं उशी सरकवली आणि स्क्रीनवर वाकली. "ही विहीर... हे टिनाचं शेड... अवो माय, हा तर जुळ्यांचा बगीचा!"

"जुळ्यांचा म्हणजे?"

"जुळे झाले न इथं. दुसरं येऊन राहिलं हे कोणालेच माहीत नव्हतं. बाप तर पळालाच उठून!"

ती हसली आणि तिला खोकला आला.

त्या दिवसापासून तेच सुरू झालं. ती बोट ठेवायची, मी तिथं खूण करायचे आणि ती सांगेल ते नाव लिहायचे. रडक्याचा बगीचा. सुईला भिऊन झाडावर चढलेल्या पोराचा बगीचा. वांग्याची भाजी बांधून देणाऱ्या म्हातारीचा. गावात कोणी या जागांना असं म्हणत नव्हतं. ही नावं तिची एकटीची होती. ड्रायव्हरांना खुणेचा नंबर पुरायचा, मालकांची नावं कुठंच नव्हती. मी लहानपणापासून इंग्रजी शाळेत, घरात कमी बोलणारी. आईशी इतकं सलग मी त्याआधी कधीच बोलले नव्हते.

एकाच जागेसाठी ती घराबाहेर पडली. तिगाव स्टेशनच्या पुढं चित्रात ढगाची सावली होती, नेमकं काही दिसत नव्हतं. ऑटो करून आम्ही गेलो. लिंबाच्या खोडाला धरून ती उभी राहिली आणि मी मोबाईलमधला निळा ठिपका स्थिर व्हायची वाट पाहत राहिले.

"कितीक वेळ लावते तुझी मशीन?" ती म्हणाली. "तेवढ्यात एखादं पोरगं जन्मून जाते!"

ऑटोवाला मोठ्यानं हसला. मलाही हसू आलं, आणि मोबाईल हलला म्हणून परत थांबावं लागलं.

दिवाळीनंतर ती गेली.

यंदा कंपनीनं तो नकाशा सोडायचं ठरवलं. आता कोणालाही वापरता येतो तो खुला नकाशा लावायचा होता. कंपनीतल्या सरांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "उपग्रहाच्या चित्रावर बोट ठेवून घेतलेल्या जागा कोणत्या?"

"जवळजवळ सगळ्याच."

"मग त्या नेता येत नाहीत. ते चित्र त्यांचं, म्हणून त्यावरून काढलेली जागाही त्यांच्याच अटीत येते. आपल्याकडेही ठेवायच्या नाहीत. कोणी जागेवर उभं राहून घेतली असेल, तेवढीच आपली."

"सर, त्या माझ्या आईनं..." एवढं म्हणून मी कॅमेरा बंद केला.

"माहीत आहे मला," सर म्हणाले. "पण काय करू सांग? अट आहे."

मी अटी पुन्हा वाचून काढल्या. एखादा शब्द कळायला अडेल आणि त्यातून वाट निघेल अशी आशा होती. एकही अडला नाही. सगळं स्वच्छ कळलं.

बाबांना सांगायला मला दोन दिवस लागले.

"म्हणजे तिनं सांगितलं ते त्यायचं झालं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलेलं नाही बाबा. नावं आपलीच आहेत. तिनं बोट जिथं ठेवलं, ती जागा."

त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाले, "तर जा न तू. उभी राहा तिथं तिथं."

मी रविवारी स्कूटी काढून सौंसरकडे गेले. जुन्या खुणा बघत गेले असते तर जागा पुन्हा त्यांच्याच चित्रावरून घेतल्यासारखी झाली असती, म्हणून मोबाईल पिशवीतच ठेवला. रस्त्यावरून सगळे बगीचे सारखेच दिसतात. विहिरी सगळीकडे आहेत, टिनाची शेडही. एका माणसाला मी घाबरत घाबरत विचारलं, "जुळ्यांचा बगीचा कुठे आहे?"

"कोणाचा?" तो म्हणाला. "मालकाचं नाव सांगा, ताई."

मला वरून पाहिलेलं तेवढं माहीत होतं. ती चालत गेली होती. मी परत आले.

सोमवारी मी खुणा काढून टाकल्या. तिगावची एक राहिली. जुन्या नकाशाची परवानगीही त्याच आठवड्यात बंद झाली.

अ‍ॅपचं नवं रूप बाबा घेत नाहीत. रोज त्यांच्या मोबाईलवर सूचना येते, ते ती बाजूला सारतात. जुनं उघडलं की आता नुसता राखाडी पडदा येतो आणि त्याच्या एका कडेला तिगावची खूण. आज सकाळी त्यांनी मला हाक मारली. त्या राखाडीवर, खुणेपासून बरंच खाली, त्यांनी बोट टेकवलं होतं.

"जुळ्यांचा इथंच होता न?"

मी वाकून पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

"हो बाबा," मी म्हटलं.

त्यांनी बोट थोडं डावीकडे सरकवलं. "आणि रडक्याचा हा."