सरांची मिशी

न्हाव्यानं ओठावर साबणाचा फेस लावला आणि त्या वासासरशी पेठच्या शाळेतला आमचा नववीचा वर्ग आठवला. शेजारच्या कांदे साठवायच्या चाळीतला उग्र वास वर्गात कायम भरलेला असायचा, आणि हायवेवरून ट्रक गेला की इंग्रजीचे सर वाक्य अर्ध्यात सोडून, झुपकेदार मिशीवर बोटं फिरवत आवाज संपायची वाट बघायचे. एकदा त्यांनी फळ्यावर 'ड्रास्टिकली' लिहिलं. "थोडंफार बदललं तर हा शब्द वापरायचा न्हाई. पार उलथापालथ झाली तरच," असं बजावून त्यांनी उदाहरण मागितलं, पण कुणालाच सुचलं नाही. पुढे सरांचे वडील वारले आणि ते बरेच दिवस आले नाहीत. आले तेव्हा डोक्यावर टोपी होती आणि मिशी साफ गेलेली. तो उघडा ओठ बघून हसू दाबणं लई अवघड गेलं. तेवढ्यात एक धीट मुलगी उठून म्हणाली, "सर, उदाहरण सापडलं! तुमचा चेहरा ड्रास्टिकली बदललाय." सगळा वर्ग खिदळला. सरही हसले. त्यांची बोटं सवयीनं ओठाकडे गेली आणि तशीच खाली आली. "चूक," ते म्हणाले. "मिशी काय, महिन्यात येईल. पण एवढ्या घोड्याला 'बारक्या' म्हणून हाक मारणारं माणूस आता घरात नाय. तिथं वापरा हा शब्द." बाहेरून ट्रक गेला, आवाज विरल्यावर सरांनी खडू उचलून फळ्यावर पुढचा शब्द लिहिला. आज माझ्या वडिलांच्या दहाव्याला, घोडनदीच्या घाटावर, वस्तारा फिरवून झाल्यावर न्हाव्यानं माझ्यापुढे आरसा धरला. मी त्यात न बघताच तो परत केला. मिशी काय, महिन्यात येईल.